मोटारीचा दिवा आणि घरचा रंग

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावरील नवी मुंबई हे रस्त्यांच्या आधाराने वाढलेले शहर होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला आणि पुढील काळात शीव-पनवेल महामार्ग, ठाणे-बेलापूर रस्ता व खाडीकाठचा पाम बीच मार्ग यांच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या राहिल्या. या रस्त्यांवरील वाहतूक रात्रीही थांबत नाही. तुर्भे येथील बाजार समितीत भाजीपाल्याचे ट्रक येतात तेच मुळी उत्तररात्री. अशा ठिकाणी एखाद्या मोटारीचा पुढचा दिवा कसा असावा, हा प्रश्न त्या मोटारीच्या मालकापुरता राहत नाही.

अलीकडे अनेक तरुण वाहनमालक आपल्या मोटारीच्या दिव्यांना घरच्या घरी निराळे रूप देताना दिसतात. कोणी काचेवर धुरकट काळा फवारा मारतो, कोणी पिवळी वा निळसर फिल्म चिकटवतो, तर कोणी दिवा उघडून आतील रुपेरी चौकट काळी करतो. फवाऱ्याचा डबा, फिल्म व नवे बल्ब हे साहित्य कोठेही सहज मिळते आणि काम एका रविवारचे असते. त्यामागील हौस समजण्यासारखी आहे. मात्र दिवा हा मोटारीच्या दारासारखा किंवा बंपरसारखा केवळ रंगविण्याचा पृष्ठभाग नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात येत नाही.

दिव्यावर रंग लावण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. १९६५ व १९७१ च्या युद्धकाळात अंधारबंदीच्या रात्री मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा केला जात असे. त्यानंतरही कित्येक वर्षे देशातील अनेक शहरांत दिव्याच्या काचेवर काळा ठिपका किंवा काळा पट्टा दिसे आणि समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून तो आवश्यक मानला जाई. परदेशातही असे प्रयोग झाले. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोटारींना पिवळ्या प्रकाशाचे दिवे सक्तीचे होते. नव्या मोटारींना पांढऱ्या दिव्यांची मुभा तेथे १९९३ साली आली.

जुन्या ठिपक्याची आठवण ठेवून आजही काही अनुभवी चालक "वरची अर्धी काच काळी केली की उजेड वर जात नाही" असे सांगतात. हे ऐकावयास सयुक्तिक वाटते, परंतु वस्तुस्थिती निराळी आहे. काचेच्या वरच्या भागातून निघणारा प्रकाश वरच जातो असे नाही. बल्बचा प्रकाश मागील वाटीसारख्या परावर्तकावर पडतो व तेथून पुढे फेकला जातो. त्याची दिशा बल्बमधील तार परावर्तकाच्या संदर्भात नेमकी कोठे आहे यावर ठरते. आपल्याकडील असंख्य मोटारींत वापरला जाणारा एच-४ हा हॅलोजन बल्ब पाहिला तर मुद्दा स्पष्ट होतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि दुसरी डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी पन्हळ असते. त्यामुळे तिचा प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. अप्परची तार मात्र संपूर्ण परावर्तक वापरते.

यावरून वरची अर्धी काच काळी केल्यास काय होते ते ताडता येईल. रस्त्यावर पडणारा डिपरचा प्रकाशच अडतो आणि अप्परचा खालचा अर्धा हिस्सा तसाच समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. पुढचे नीट दिसेनासे झाले की चालक साहजिकच अप्पर लावून चालतो. म्हणजे दुसऱ्याच्या सोयीसाठी लावलेला रंग दुसऱ्यालाच त्रासदायक ठरतो.

डिपरच्या प्रकाशाला एक आकारही असतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून प्रकाशाची वरची कड उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूस, सपाट व खाली राखलेली असते आणि डावीकडे ती थोडी वर चढते. रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी, सायकलस्वार व मैलाचा दगड दिसावा, हा त्यातील हेतू. काचेवर धुरकट फवारा बसला की प्रकाश घटतो, शिवाय रंगाच्या कणांवरून तो चोहीकडे विखुरतो आणि ही कड पुसट होते. हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब बसविल्यासही बहुधा हेच घडते, कारण प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या जागी नेमका येत नाही. समोरचा चालक दिपून केवळ २ सेकंद गांगरला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाने त्याची गाडी तेवढ्यात सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते.

दिवा उघडून आतील शोभेची चौकट रंगविणे हा प्रकार त्या मानाने कमी अपायकारक, कारण चौकटीचा प्रकाशाशी फारसा संबंध नसतो. पण येथे अडचण दुसरीच आहे. काच सोडविण्यासाठी दिवा तापवून त्याचे सीलंट मऊ करावे लागते. पुन्हा बसविताना ते एखाद्या ठिकाणी जरी कच्चे राहिले, तरी जून ते सप्टेंबर या काळातील खाडीकाठची दमट हवा आत शिरते व काचेवर आतून बाष्प धरते. परावर्तकावरील ॲल्युमिनियमचा थर अत्यंत पातळ असतो. त्याला बोट लागले किंवा ओल बसली, तर पुसून तो पूर्ववत होत नाही. दिवाच बदलावा लागतो.

मागील लाल दिवे काळसर करण्याची हौस तर निव्वळ धोक्याची आहे. पावसाच्या झडीत पुढच्या मोटारसायकलीचा दिवा न दिसणे म्हणजे काय, हे शीव-पनवेल महामार्गावरून रात्री ये-जा करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार मोटारीचा पुढील पांढरा व मागील लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. नियम १०६ अन्वये दिव्यापासून ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती दिपता कामा नये, अशा रीतीने प्रकाश खाली वळलेला किंवा वळविता येण्याजोगा असावा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वाहनात अनुज्ञेय नसलेला फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

घरी करता येण्याजोगे आणि करावेसे असे एक काम मात्र आहे, ते म्हणजे पिवळ्या पडलेल्या काचेची दुरुस्ती. हल्लीची 'काच' वस्तुतः पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. त्यावरील संरक्षक थर उन्हाने झिजला की ती पिवळी व धुरकट होते. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर दिसते. दिवा स्वच्छ धुऊन, भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावून, ८०० पासून २००० क्रमांकापर्यंतच्या वॉटर पेपरने पाणी घालत क्रमाक्रमाने घासावे व नंतर पॉलिश करावे. घासण्याने जुना संरक्षक थर निघून जातो. म्हणून अतिनील किरणे रोखणारा पारदर्शक लेप शेवटी दिलाच पाहिजे, अन्यथा काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टने येणारी चकाकी याच कारणाने टिकत नाही. दोन द्रव मिसळून करावयाच्या लेपाची वाफ फुफ्फुसांस घातक असते. तो उघड्या जागेत, योग्य मुखपट्टी लावूनच फवारावा.

त्यानंतर दिव्याचा रोख तपासावा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करावी, चाकांतील हवा योग्य असावी आणि चालकाच्या आसनावर एक माणूस बसवावा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखून डिपर लावावा. बहुतेक मोटारींत प्रकाशाची सपाट कड त्या रेषेच्या सुमारे ५ ते ७ सेंटिमीटर खाली यावयास हवी. नेमके प्रमाण अनेक मोटारींच्या दिव्याजवळील पट्टीवर टक्क्यांत छापलेले असते. कड रेषेच्या वर आढळल्यास दिव्यामागील स्क्रूने ती खाली आणता येते, आणि या कामास गॅरेजमध्ये पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.