दृष्टिहीनांसाठी पडद्याचे मुद्रण : साधनाची निवड कशी करावी?

होळकरांच्या कारभारापासून मराठी कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या वसली आहेत, त्या इंदूर शहरातील श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान व विज्ञान संस्थेतून २०२१ साली पदवी घेतलेल्या एका दृष्टिहीन तरुणाची २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत निवड झाल्याचे वृत्त देशभर प्रसिद्ध झाले. काचबिंदूमुळे बालपणीच दृष्टी गमावलेल्या या तरुणाने आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण घेतले ते पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या आधारे. अंध व्यक्ती संगणक चालवू शकते किंवा नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. परंतु संगणकावर आपण काय करीत आहोत आणि आपली अडचण नेमकी कोठे होत आहे, हे डोळस माणसास दाखवावयाचे कसे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. पडद्याच्या मुद्रणाचा उपयोग येथेच होतो.

पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीस स्क्रीन रीडर असे म्हणतात. अमेरिकेतील टेड हेंटर या दृष्टिहीन गृहस्थांच्या पुढाकाराने १९८९ साली ‘जॉज’ ही आज्ञावली निघाली; ती विकत घ्यावी लागते. मायकेल करन व जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांच्या परिश्रमातून २००६ पासून आकारास आलेली ‘एनव्हीडीए’ विनामूल्य असून तिच्यासोबत येणारा ईस्पीक हा वाचक मराठीही बोलतो. त्याचा उच्चार काहीसा यांत्रिक आहे, परंतु सवयीने कानास रुळतो. अशा साधनाच्या साहाय्याने वापरकर्ता माउसला हात न लावता केवळ कळफलकावर सर्व कामे करतो.

आता अडचणीचे एक उदाहरण घेऊ. एखाद्या संकेतस्थळावरील अर्जात ‘पुढे’ जाण्यासाठी केवळ बाणाचे चित्र ठेवलेले असते व त्या चित्रास नाव दिलेले नसते. डोळस व्यक्तीस बाण दिसतो आणि सर्व काही ठीक आहे असे वाटते. स्क्रीन रीडर मात्र तेथे नुसते ‘बटण’ एवढेच उच्चारतो. अर्जदाराने तक्रार केली, तर ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो आणि ते उत्तर देणारा कर्मचारी खोटे बोलत असतो असेही नाही. त्याला तो दोष दिसतच नाही, कारण तो दोष ऐकू येणारा आहे. म्हणून मुद्रणात चित्राबरोबर स्क्रीन रीडरचा आवाज उमटणे अत्यावश्यक ठरते. मुके मुद्रण पाहून कोणाचीही खात्री पटणार नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संगणकाचा पाठ तयार करणाऱ्या शिक्षकासही हेच लागू आहे. पाठाचा गाभा आवाजात असतो. चित्र दुय्यम होय.

साधनाची निवड करताना जाहिरातीतील गुणवैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीकडे पाहण्याचे कारण नाही. मुद्रण कळफलकावरून सुरू व बंद करता येते काय, ते खरोखर सुरू झाले हे न पाहता कळते काय आणि स्क्रीन रीडरचा आवाज व बोलणाऱ्याचा आवाज हे दोन्ही त्यात उतरतात काय, एवढे तपासले म्हणजे पुरे.

विंडोज प्रणालीतच असलेला गेम बार हा नवशिक्यास सर्वांत जवळचा. विंडोज, ऑल्ट व आर या तीन कळा एकत्र दाबल्या की मुद्रण सुरू होते व पुन्हा दाबल्या की थांबते. आर ऐवजी एम दाबल्यास मायक्रोफोन चालू वा बंद होतो. तयार झालेली फाइल ‘व्हिडिओज’ या कप्प्यातील ‘कॅप्चर्स’मध्ये आपोआप जाऊन बसते. मात्र त्यात एक उणीव आहे. हे साधन मूळ खेळांसाठी घडविलेले असल्यामुळे ते एका वेळी एकाच खिडकीचे मुद्रण करते. फाइलींची यादी वा डेस्कटॉप त्यास टिपता येत नाही. ब्राउझरमधील अर्जाचा दोष दाखविण्यापुरते ते पुरेसे आहे, परंतु फाइल शोधून जोडण्याचा पाठ त्यात नीट उतरणार नाही. त्याच्या मांडणीत ‘सर्व ध्वनी’ घेण्याचा पर्याय निवडलेला आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर स्क्रीन रीडर वगळला जातो.

विंडोज ११ मधील स्निपिंग टूल या साधनात २०२३ पासून मुद्रणाची सोय झाली. तेथे पडद्याचा कोणता भाग टिपावयाचा हे आयत आखून ठरविण्याची पद्धत आहे. त्या आयताच्या कडा कोठे पडल्या हे डोळ्यांनीच पाहावयाचे असल्यामुळे दृष्टिहीनांस ते सोयीचे म्हणता येत नाही.

२०१२ पासून उपलब्ध असलेले ओबीएस स्टुडिओ हे विनामूल्य साधन या सर्वांत समर्थ होय. ते संपूर्ण पडदा टिपते. २०२२ च्या आवृत्तीपासून एखाद्याच आज्ञावलीचा आवाज वेगळा घेण्याची सोयही त्यात आहे, त्यामुळे स्क्रीन रीडर आणि बोलणारा यांचे आवाज कमीअधिक करता येतात. परंतु प्रथम मांडणी करताना ‘डिस्प्ले कॅप्चर’ हा स्रोत जोडावा लागतो व मुद्रण सुरू आणि बंद करण्याच्या कळा स्वतः नेमून द्याव्या लागतात. हे काम एकदा एखाद्या जाणत्याच्या सोबतीने करून घेतलेले बरे. मुद्रण सुरू झाल्याची ध्वनिखूण हे साधन आपण होऊन देत नाही, ही त्यातील खरी त्रुटी आहे. अर्धा तास समजावून सांगितल्यावर काहीच मुद्रित झालेले नाही असे आढळणे यापरता मनस्ताप नाही! वीज जाण्याचा भरवसा नसलेल्या गावी फाइल एमकेव्ही स्वरूपात साठवावी. मध्येच संगणक बंद पडला तरी त्या क्षणापर्यंतचा भाग बहुधा शाबूत राहतो.

बैठकांसाठी वापरले जाणारे झूम हेही येथे उपयोगी पडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वापरकर्त्याने एकट्यानेच बैठक सुरू करावी, ऑल्ट व एस या कळांनी पडदा खुला करावा आणि त्या वेळी ‘ध्वनीही द्यावा’ या अर्थाच्या चौकटीत खूण करण्यास विसरू नये. नंतर ऑल्ट व आर दाबले की मुद्रण सुरू झाल्याची घोषणा कानावर पडते. ही घोषणाच या साधनाची मोठी जमेची बाजू होय. बैठक संपविल्यावर फाइल तयार होण्यास थोडा अवधी लागतो. तोवर संगणक बंद करू नये.

साधन कोणतेही निवडले तरी काही पूर्वतयारी अगत्याची आहे. आपला पडदा शेजाऱ्यास दिसू नये म्हणून एनव्हीडीएमध्ये पडदा काळा करण्याची सोय असते व बरेच वापरकर्ते ती कायम चालू ठेवतात. मुद्रणापूर्वी ती बंद करावी, अन्यथा मुद्रणात चित्र न उमटण्याचा धोका राहतो. इन्सर्ट, कंट्रोल व एस्केप या कळांनी ती बदलता येते. सरावलेले दृष्टिहीन वापरकर्ते स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतात की नवख्यास त्यातील एक शब्दही उमगत नाही. म्हणून मुद्रणापुरता वाचनाचा वेग निम्म्यावर आणावा. एनव्हीडीएच्या साधनांच्या यादीतील ‘स्पीच व्ह्यूअर’ चालू केल्यास उच्चारलेला प्रत्येक शब्द पडद्यावर अक्षरांतही उमटतो. वाचकाचा आवाज न समजणाऱ्या अधिकाऱ्यास ही अक्षरे फार उपयोगी पडतात. यानंतर दहा सेकंदांचे एक चाचणी-मुद्रण करून ते ऐकून पाहावे व मगच मुख्य कामास हात घालावा.

मुद्रण आटोपशीर असावे. सेकंदास २५०० किलोबिट या दराने एका मिनिटाची फाइल सुमारे १९ मेगाबाइटची होते आणि जीमेलवरून २५ मेगाबाइटहून मोठी फाइल थेट जोडता येत नाही. तेव्हा तक्रारीचे मुद्रण मिनिटभरात आटोपणे इष्ट. आणखी एका गोष्टीची दक्षता घ्यावी. टंकलेला आधार क्रमांक स्क्रीन रीडर मोठ्याने वाचतो; आलेला सांकेतिक क्रमांक व बँकेचा संदेशही पडद्यावर झळकतो. मुद्रण पाठविण्यापूर्वी ते आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावे आणि शक्य तर विश्वासातील डोळस व्यक्तीकडून एकदा पाहून घ्यावे. वाचकाने उच्चारलेले कानास कळते, परंतु पडद्याच्या कोपऱ्यात येऊन गेलेले कळत नाही.

अशा तक्रारींस कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ अन्वये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात असेल याची व्यवस्था करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. दिनांक ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे मुद्रण जोडले नाही एवढ्याच कारणावरून कोणाचीही तक्रार बाजूस ठेवता येणार नाही. मुद्रण ही अर्जदाराने केलेली मदत आहे, अट नव्हे.

ज्या कार्यालयात असे मुद्रण येईल, तेथे ते आवाजासह ऐकले जाणे आवश्यक आहे. पुष्कळ कार्यालयीन संगणकांना ध्वनिक्षेपक जोडलेले नसतात. अशा ठिकाणी साधा हेडफोन लावावा, आणि स्क्रीन रीडर ज्या जागी नुसते ‘बटण’ म्हणून थांबला ती जागा, पृष्ठाचे नाव व वेळ टिपून संकेतस्थळ सांभाळणाऱ्या अभियंत्याकडे त्याच दिवशी पाठवावी.