डबा कुठे ठेवावा?

मोठ्या सुट्टीची वेळ. शिक्षकखोलीतल्या टेबलावर कोणाच्या तरी घरचा चिवड्याचा डबा उघडा आहे. "आजपासून वजन कमी करायचं ठरवलंय," असे सांगता सांगताच एका सरांचा हात डब्यात जातो. सगळे हसतात, सरही हसतात. मनातून मात्र त्यांना वाटते, आपल्यात निर्धारच नाही. हा निष्कर्ष बरोबर आहे का, ते आपण पाहू या.

आम्हाला या प्रश्नात रस वाटू लागला तो घरगुती कारणाने. दोन वर्षांपूर्वी एका तपासणीत आमच्या रक्तातील उपाशीपोटीची साखर १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम निघाली. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी मानतात. वजन ७८ किलो. कंबर ९६ सेंटिमीटर, म्हणजे भारतीय पुरुषांसाठी सांगितलेल्या ९० च्या मर्यादेपलीकडे. मधुमेहापायी वडिलांच्या पायाची दोन बोटे कापावी लागली होती, ते आम्ही पाहिले होते. त्यामुळे हा आकडा विसरणे शक्य नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, "पाच किलो तरी उतरवा."

पाचच का? अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ७८ किलोचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. उद्दिष्ट लहान, लाभ मोठा!

अडचण एकच होती. घरात चिवड्याचा डबा होता आणि तो राहणारच होता. धाकटा मुलगा कबड्डी खेळून संध्याकाळी भुकेला घरी येतो. आमच्या वजनासाठी त्याचा खाऊ बंद करणे न्यायाचे नव्हते.

आधी हिशेब

प्रयोगशाळेच्या सवयीप्रमाणे आम्ही प्रथम मोजमाप केले. आमच्यापुरता चिवडा वेगळ्या डब्यात काढून आठवडाभर त्या डब्याचे वजन केले. सात दिवसांत ३५० ग्रॅम, म्हणजे दररोज ५० ग्रॅम गेला होता. आमचा स्वतःचा अंदाज 'एखादी मूठ' असा होता!

एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ उष्मांक मिळतात (व्यवहारात आपण यांनाच कॅलरी म्हणतो), तर पिष्टमय पदार्थ किंवा प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४. शंभर ग्रॅम तळलेल्या चिवड्यात तेल व शेंगदाण्यांचा मिळून ३० ग्रॅम मेद धरला, तर त्याचे २७० उष्मांक होतात. उरलेल्या भागाचे साधारण २४० धरू. एकूण सुमारे ५००. म्हणजे आमच्या रोजच्या चिवड्याचे २५०. एवढे खर्च करायला जवळजवळ पाच किलोमीटर चालावे लागेल.

आता एक सर्वपरिचित आडाखा पाहू. एक किलो शरीरमेद म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. रोज २५० कमी केले तर वर्षाला ९१,२५०, म्हणजे जवळजवळ १२ किलो घट व्हावी. पण हाच हिशेब पुढे नेला तर साडेसहा वर्षांत आमचे वजन शून्यावर येईल! विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे आणि चूक कुठे झाली ते विचारावे.

चूक अशी, की शरीराचा खर्च स्थिर राहत नाही. वजन घटले की शरीर चालवायला लागणारी ऊर्जाही घटते. केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेला आडाखा अधिक वास्तव आहे. रोजचे सुमारे २४ उष्मांक कायमचे कमी केले, तर प्रौढ व्यक्तीचे वजन अखेरीस सुमारे १ किलोने घटते. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात होतो, तर जवळजवळ सगळा व्हायला तीन वर्षे लागतात. या हिशेबाने आमच्या चिवड्याचे वजन होते सुमारे १० किलो, पैकी पाच किलो पहिल्या वर्षाचे.

शरीराचे उत्तर

मग चिवडा सोडला की काम झाले? तसे होत नाही, कारण शरीर गप्प बसत नाही. मेदपेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचे जनुक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये शोधले. मेद घटला की लेप्टिन घटते आणि मेंदूला 'साठा कमी होत आहे' असा निरोप जातो. भूक वाढते.

किती वाढते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचे मापन आहे. घटलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी कमी होतो, पण भूक मात्र रोज सुमारे १०० उष्मांकांनी वाढते! म्हणजे तीन किलो उतरवलेल्या माणसाला रोज ३०० उष्मांक जास्त खावेसे वाटतात. डब्याची ओढ पहिल्या दिवशी जेवढी असते, त्याहून तीन महिन्यांनी अधिक असते, ती यामुळेच.

हा निर्धाराचा दोष नव्हे, याचा एक जुना पुरावा आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्श्याने घटले. हे तरुण म्हणजे तत्त्वासाठी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले लोक. त्यांच्या निर्धाराबद्दल कोण शंका घेईल? तरीही त्यांना दिवसरात्र अन्नाखेरीज काही सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले.

चिवडाच का?

काकडी कोणी अशी खात बसत नाही. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ उष्मांक असतात, बाकी बहुतेक पाणी. जठराला भरल्याची जाणीव बरीचशी आकारमानावरून होते आणि चिवड्यात पाणी जवळजवळ नसतेच. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच उष्मांक आत गेलेले असतात.

दुसरे कारण चवीचे. एकच पदार्थ खात गेले की त्या चवीची गोडी ओसरते, पण वेगळ्या चवीची भूक शिल्लक राहते. बार्बरा रोल्स यांनी १९८१ च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवले. वरणभाताने तृप्त झालेल्या माणसाला कुरकुरीत, खारट, किंचित गोड चिवड्यासाठी जागा उरते ती अशी.

डब्याची जागा

भूक वाढणार हे ठरलेले असेल, तर दर वेळी मनाशी कुस्ती खेळण्यापेक्षा कुस्त्यांची संख्याच कमी करावी, हे शहाणपणाचे. खाण्याच्या जागेविषयीच्या प्रयोगांचा एक आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पदार्थ हातापासून दूर ठेवला तर लोक तो कमी खातात, असा त्याचा कल आहे. पुरावा अजून फार भक्कम नाही. वाढप मोठे असेल तर माणूस जास्त खातो, हे मात्र २०१५ च्या आढाव्यात अधिक स्पष्ट दिसले होते.

आम्ही तीन बदल केले. काचेच्या बरणीतला चिवडा स्टीलच्या डब्यात घालून तो माळ्याजवळच्या फळीवर ठेवला. मुलाची वाटी तो येण्यापूर्वी भरून ठेवायची, डबा टेबलावर आणायचा नाही. आणि आम्ही खायचे ते वाटीतून, बसून, आठवड्यातून तीनदा. चहाबरोबर पेरू, भिजवलेले हरभरे किंवा ताक. रोजची सरासरी ५० ग्रॅमवरून १५ ग्रॅमवर आली. म्हणजे रोजचे १७५ उष्मांक वाचले.

आडाख्याप्रमाणे वर्षात साडेतीन किलो उतरायला हवे होते, तीन उतरले. उरलेला अर्धा किलो बहुधा जास्तीच्या पोळीने परत आणला! उपाशीपोटीची साखर १०३ झाली. उंबरठा अजून ओलांडायचा आहे, पण दिशा बदलली आहे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

शिक्षकखोलीत एकाच आकाराच्या डब्यात रोज ५०० ग्रॅम चिवडा ठेवावा. पहिला आठवडा डबा टेबलावर, दुसरा आठवडा समोरच्या कपाटात. तिसरा-चौथा आठवडा हाच क्रम पुन्हा. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सकाळ-संध्याकाळ वजन करून हजर शिक्षकांच्या संख्येने भागावे. उद्देश शेवटी सांगावा, कारण आधी कळला तर हात आवरतात आणि प्रयोग फसतो. कोणी किती खाल्ले याची नोंद मात्र करू नये; वजन डब्याचे करायचे आहे, माणसांचे नव्हे.

हीच काळजी मुलांच्या बाबतीत अधिक घ्यावी. वाढत्या वयात मनाने आहार तोडणे धोक्याचे आहे आणि वर्गात वजनावरून झालेली थट्टा मूल विसरत नाही. एखाद्या मुलाच्या वजनाची खरोखर काळजी वाटली, तर पालकांशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

चार आठवड्यांच्या नोंदींचा आलेख काढून आमच्याकडे जरूर पाठवा. आणि तोवर त्या सरांना एवढे सांगा, की निर्धार आहे तेवढाच पुरे. डबा तेवढा कपाटात ठेवा.