पावसाळ्यात परत येणारा वास

भायखळ्याच्या राणीच्या बागेत तुम्ही कधी तरी वाघ पाहिला असेल. वाघ मूत्राचे फवारे मारून आपल्या हद्दीच्या खुणा करतो. वाघाची मावशी, म्हणजे आपल्या घरातली मनी किंवा बोका, हीच रीत पाळते. पण तिची हद्द जंगल नसून चाळीतली दहा बाय बाराची खोली असते! गालिच्यावर एकदा तिने हा उद्योग केला की घर वासाने भरून जाते. एप्रिल-मे महिन्यांत वास गेल्यासारखा वाटतो आणि जूनमध्ये पहिल्या सरी कोसळताच तो पुन्हा हजर होतो. मग शेजारी कुरकुरतात आणि मांजराला पोत्यात घालून दूर सोडून येण्याच्या गोष्टी सुरू होतात. ही शिक्षा होण्याआधी आपण वासाची थोडी चौकशी करू या.

ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यात पाण्याखालोखाल मोठा वाटा युरियाचा असतो आणि युरियाला वास नाही. परंतु हवेतले व गालिच्यातले जीवाणू ‘युरिएज’ नावाच्या विकराच्या साहाय्याने युरियाचे विघटन करतात. त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात. नाकाला झोंबतो तो हा अमोनिया.

मांजराच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. त्याच्या मूत्रात ‘फेलिनीन’ नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ‘कॉक्सिन’ नावाचे प्रथिन ते बनवायला मदत करते, असे जपानमधील मासाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले. फेलिनीनपासून सावकाश थायॉल जातीची संयुगे सुटतात. गॅसच्या सिलिंडरमधली गळती कळावी म्हणून त्यात जे उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात, ते याच कुळातले. अशा संयुगांचा अगदी लेशही नाकाला पुरतो. खच्ची न केलेल्या बोक्याच्या मूत्रात फेलिनीन पुष्कळ असते, म्हणून त्याचा वास अधिक उग्र.

आता पावसाळ्याचे कोडे. उन्हाळ्यात पाणी उडून जाते, पण युरिया व क्षार धाग्यांतच राहतात. तीस अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतले पाणी शोषून ओला होऊ लागतो. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्याही पुढे असते. ओलावा मिळताच जीवाणू पुन्हा कामाला लागतात. शिवाय धाग्यांना चिकटून बसलेल्या वासाच्या रेणूंना पाण्याचे रेणू ढकलून बाहेर काढतात. थोडक्यात, वास परत ‘येत’ नाही. तो कुठे गेलेलाच नसतो!

म्हणून फिनेल, उदबत्ती किंवा अत्तर यांनी काम होत नाही. एका वासावर दुसरा वास पांघरला, तरी पदार्थ जागच्या जागीच राहतो. तो काढायलाच हवा.

पहिली पायरी टिपण्याची. घासू नका, सुती फडके ठेवून वर वरवंट्यासारखे वजन ठेवा. धाग्यांमधल्या बारीक फटी म्हणजे केशनलिकाच. फट जितकी अरुंद, तितके द्रवाचे आकर्षण जास्त. त्यामुळे द्रव खाली आणि बाजूंना पसरतो, आणि वर दिसणाऱ्या डागापेक्षा खालचा डाग मोठा असतो. स्वच्छताही तेवढ्या मोठ्या भागाची करावी.

नंतर गार पाणी शिंपडून पुन्हा टिपा. समजा, दर खेपेस एक चतुर्थांश घाण उरते. तीन खेपांनंतर किती उरेल? फक्त १/६४! एकदम बादलीभर पाणी ओतण्यापेक्षा थोडे थोडे पाणी तीनदा वापरणे शहाणपणाचे.

अमोनियासाठी पाणी मिसळलेले व्हिनेगर चालते. त्यातले आम्ल अमोनियाशी संयोग पावून क्षार बनवते. तो हवेत उडत नाही व पाण्याने धुऊन जातो. पण व्हिनेगरमध्येच खाण्याचा सोडा घालू नका. फेस छान येतो, पण दोघेही एकमेकांना निकामी करतात.

थायॉलसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते. त्याने थायॉलचे ऑक्सिडीकरण होऊन वास मोडतो. अमेरिकेतील स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यातही थायॉलच असतात. पॉल क्रेबॉम या रसायनतज्ज्ञाने १९९३ मध्ये त्यावर पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि साबण यांचे मिश्रण सुचवले. औषधाच्या दुकानातले पेरॉक्साइड ६ टक्क्यांचे असल्यास त्यात तितकेच पाणी घाला. आधी कोपऱ्यावर थेंब टाकून रंग जातो का ते पाहा. लोकरी किंवा रेशमी गालिच्यावर हा उपाय नको. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करू नका. ऑक्सिजन साठून बाटली फुटू शकते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. अशा डागावर ब्लीचिंग पावडर टाकू नका. अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हे विषारी वायू सुटतात. त्यात संडास धुण्याचे आम्ल मिसळले तर क्लोरीन सुटतो. लहानशा बंद खोलीत हे जिवावर बेतू शकते.

बाजारात विकरयुक्त द्रवही मिळतात. ते कसे वागतात हे समजण्यासाठी एक प्रयोग करा. कच्च्या सोयाबीनच्या पिठात युरिएज असते. दोन बाटल्यांत कोमट पाणी आणि चमचाभर युरिया खत घ्या. एकीत कच्चे पीठ, दुसरीत दहा मिनिटे पाण्यात उकळून गार केलेले पीठ घाला. हळदीच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या ओल्या पट्ट्या आत टांगून झाकणे लावा. काही वेळाने पहिलीतली पट्टी लालसर होईल, कारण तिथे अमोनिया तयार झाला. दुसरीतली पिवळीच राहील, कारण उष्णतेने विकर मेला. तेव्हा विकरयुक्त द्रव वापरताना कढत पाणी वापरू नये, हे ओघानेच आले. आणि त्याला ओला राहून काम करायला काही तास द्यावे. युरिएज हा स्फटिकरूपात मिळवलेला पहिला विकर. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी तो घेवड्याच्या जातीच्या बियांतून काढला आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

शेवटी मनीची बाजू. शहाणे मांजर अचानक भलतीकडे घाण करू लागले, तर तो खोडसाळपणाच असेल असे नाही. मूत्रमार्गाचा विकारही असू शकतो. बोका वारंवार कुंथतो आहे आणि मूत्र होत नाही असे दिसले, तर मूत्रमार्ग अडलेला असण्याचा संभव असतो, आणि एक-दोन दिवसांत त्याच्या प्राणावर बेतते. अशा वेळी गालिचा राहू द्या आणि बोक्याला ताबडतोब गुरांच्या डॉक्टरांकडे न्या. भायखळ्याहून परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय काही दूर नाही.