तीन ते पंधरा पौंडांचा कारभार

परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी कधीच ओलांडून बसलेला असतो, आणि थंडीतल्या एखाद्या पहाटे तोच एक अंकी आकड्यावर येतो. कृषी विद्यापीठात नोंदलेलं ते तापमान मग राज्यभरच्या बातम्यांत झळकतं. माणसं दोन्ही सोसतात. मानवत-सेलूच्या जिनिंगमधून निघालेल्या रुईला मात्र सूत होताना हे लहरी हवामान चालत नाही. हवा कोरडी पडली की तंतू ठिसूळ होतात आणि धागा तुटतो. ओल वाढली की रुई रोलरला गुंडाळली जाते. म्हणून सूतगिरणीच्या रिंगफ्रेम, म्हणजे सूत कातणाऱ्या यंत्रांच्या खात्यात सापेक्ष आर्द्रता साधारण 55 ते 60 टक्के राखतात. हे काम ह्युमिडिफिकेशन प्लांटचं, आणि त्यातले जुने, भरवशाचे कामगार म्हणजे दाबाच्या हवेवर हलणारे डॅम्पर.

डॅम्पर म्हणजे हवेच्या वाटेत बसवलेल्या, झडपांसारख्या फिरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या. एक डॅम्पर ताजी हवा आत घेतो, दुसरा खात्यातली हवा परत फिरवतो, तिसरा जास्तीची बाहेर सोडतो. उन्हाळ्यात कोरडी हवा एअर वॉशरच्या फवाऱ्यांतून नेली की ती गारही होते आणि ओलीही. तेव्हा ताज्या हवेची वाट मोकळी ठेवतात. थंडीच्या पहाटे ती बरीचशी लोटून, यंत्रांनी तापवलेली हवाच पुन्हा वापरतात.

हे ठरवणारं उपकरण म्हणजे ह्युमिडिस्टॅट. जुन्या उपकरणांत चक्क माणसाचे केस ताणून बसवलेले असत. ओल लागली की केस किंचित लांबतो, वाळला की आखडतो. त्या हालचालीने एका बारीक छिद्रापुढची पट्टी जवळ किंवा दूर सरकते. पट्टी जवळ आली की छिद्रातून निसटणारी हवा अडते आणि मागच्या नळीत दाब चढतो. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या या नळीतला दाब 3 ते 15 पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या निम्माही नाही. पण तो दहा चौरस इंचांच्या रबरी पडद्यावर पडला, तर 10 पीएसआयलाच शंभर पौंड, म्हणजे सुमारे 45 किलोंचा जोर होतो. पडदा दांडा ढकलतो आणि डॅम्पर फिरतो. सुरुवात शून्याऐवजी तिनापासून करण्यामागेही हिशेब आहे: दाब तिनाच्याही खाली गेला, तर तो हुकूम नसून बिघाड आहे, हे लगेच कळतं.

एका डॅम्परची स्प्रिंग 3 ते 8 पीएसआयची आणि दुसऱ्याची 8 ते 13 ची घेतली, तर एकाच नळीवर आधी पहिला आणि तो पूर्ण फिरल्यावर दुसरा हलतो. हा क्रम राखायला ना वायर लागते, ना संगणक.

ही विद्या मुळात गिरणीची नव्हे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधले शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी वर्गखोल्यांच्या उष्णतेसाठी 1883 मध्ये विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं आणि 1895 मध्ये दाबाच्या हवेवरच्या तापमान नियंत्रणाचं. कापसाच्या धंद्याला ती सोयीची पडली, कारण नळीतल्या हवेतून ठिणगी उडत नाही, आणि उडत्या तंतूंनी भरलेल्या खात्यात ठिणगीसारखा वैरी नाही.

दोषही आहेत. कॉम्प्रेसर अखंड चालवावा लागतो, सांध्यांतून हवा गळते, आणि ड्रायर नीट नसेल तर नळीत उतरलेलं पाणी नि तेल ते बारीक छिद्र बुजवतं. म्हणूनच नव्या प्लांटमध्ये विजेच्या मोटरी आणि संगणकी नियंत्रण आलं.

तरी या यंत्रणेतला सर्वांत शहाणा भाग स्प्रिंगच. हवा गेली की डॅम्पर उघडा राहावा की मिटावा, हे ती बसवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे प्लांट ताब्यात घेणाऱ्याने हवेचा मुख्य कॉक एकदा बंद करून प्रत्येक डॅम्पर कुठे जाऊन थांबतो ते पाहावं. मोटर विजेची असली, तरी वीज तोडून हीच परीक्षा घ्यावी.