विश्लेषण : एका डॉलरमध्ये शिडाची होडी... बोस्टनला हे कसे जमले?

शिडाची होडी हा श्रीमंतांचा छंद, असा सर्वसाधारण समज. अमेरिकेतील बोस्टनमध्ये ‘कम्युनिटी बोटिंग’ ही ना-नफा संस्था चार्ल्स नदीवर अनेक दशके तो खोडून काढत आहे.

सुरुवात कशी झाली?
१९३० च्या दशकात जोसेफ ली ज्युनियर यांनी वेस्ट एंड या गरीब वस्तीतील मुलांना होड्या चालवायला शिकवले. १९४६ मध्ये संस्थेची रीतसर स्थापना झाली.

शहरातली नदी कशी चालली?
१९१० मध्ये पूर्ण झालेल्या धरणाने समुद्राची भरती अडवली. त्यामुळे शहराच्या मध्यभागी संथ, गोड्या पाण्याचा जलाशय तयार झाला.

खर्चाचे काय?
मुलांचे शुल्क अनेक वर्षे अवघा एक डॉलर होते. पुढे ते कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरू लागले. प्रौढांचे सदस्यत्व शुल्क आणि देणग्यांवर उर्वरित भार पेलला जातो. एक अट: पोहता आले पाहिजे.

आज महत्त्व काय?
वेस्ट एंड वस्ती १९५० च्या दशकाअखेरीस पुनर्विकासासाठी पाडली गेली, हजारो कुटुंबे विखुरली. नदीकाठचा बोट क्लब मात्र टिकला. आता तिथे शहरभरातील मुले शीड उभारायला शिकतात.