पायातली चप्पल आणि तेलाचा कारखाना

“डॉक्टरसाहेब, पायातली चप्पल निसटते अन् मला पत्ताच लागत नाही.” काही वर्षांपूर्वी नेवाशाजवळच्या गावातला एक तरुण ही तक्रार घेऊन आला. दोन्ही पायांना मुंग्या, बोटे बधिर, जिना चढताना पाय लटपटत. रक्तातील साखर व्यवस्थित होती, दारूचे व्यसन नव्हते. मग कामाची चौकशी केली. परजिल्ह्यातील एका सोयाबीन तेलाच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तो नोकरीला होता आणि हाताचे ग्रीस रोज तिथल्याच ‘पेट्रोलसारख्या पाण्याने’ धूत असे. हे पाणी म्हणजे हेक्झेन.

वाचकहो, शेंगदाणा, करडई घाण्यावर सहज गाळता येते. सोयाबीनमध्ये मात्र तेल 18 ते 20 टक्केच, आणि दाबून काढले तर त्यातले बरेचसे पेंडीतच राहते. म्हणून दाण्याचे पोह्यांसारखे पापुद्रे करून त्यांतील तेल हेक्झेनमध्ये विरघळवून घेतात. मग उष्णता देऊन हेक्झेन वेगळे करतात व पुन्हा वापरतात. खाद्यतेलात ते दहा लाख भागांत 5 भागांपेक्षा अधिक उरू नये, असा नियम आहे. तेव्हा पिशवीतल्या तेलाला घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो कामगाराला आणि कारखान्याच्या शेजाऱ्याला.

हेक्झेनची वाफ फार लवकर होते. ती श्वासातून शरीरात गेली की यकृतात तिचे एक विषारी रसायन बनते व ते लांब मज्जातंतूंना इजा करते. म्हणून आधी पाय, मग हात बधिर होतात. यावर उतारा नाही; त्या कामापासून दूर होणे हाच उपाय. त्यानंतरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, मग हळूहळू सुधारणा होते. आमच्या रुग्णाला नीट चालायला वर्ष लागले.

ही वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती वर न जाता नाल्यात, खड्ड्यात साचते आणि ठिणगी पडताच भडकते. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात 13 फेब्रुवारी 1981 रोजी सोयाबीन कारखान्यातील हेक्झेन गटारात गेले आणि पहाटे सुमारे तीन किलोमीटरची गटारे स्फोटाने फुटली. तेलकट सांडपाण्याचे दुखणे वेगळे. पाण्यावर तवंग आला की मासे गुदमरतात. आपली प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी जायकवाडीत जाते, हे विसरून चालणार नाही.

सोयाबीनचा पेरा वाढला की असे प्रकल्प येतात. ते जरूर यावेत. शेतमालाला भाव आणि पोरांना काम मिळते. पण 1974 चा जल कायदा व 1981 चा वायू कायदा यांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते: उभारणीपूर्वी एकदा, चालविण्यापूर्वी पुन्हा. 2016 च्या वर्गीकरणात साधा तेलघाणा हिरव्या गटात होता, तर सॉल्व्हंट प्लांट त्याहून कडक अशा नारिंगी गटात.

ग्रामसभेत ना-हरकत दाखल्याचा विषय आला, तर हात वर करण्यापूर्वी एवढे विचारा:

1. सांडपाणी कुठे जाणार? नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.
2. हेक्झेनच्या टाक्या वस्तीपासून किती दूर? साठ्याचा परवाना आहे का?
3. बॉयलरच्या धुराड्याला काजळी अडविण्याची सोय आहे का?
4. कामगारांची नियमित तपासणी कोण करणार?

कारखाना सुरू असेल तर माहितीच्या अधिकाराखाली संमतीपत्राची प्रत मागता येते. त्यातील प्रत्येक अट कोणाच्या तरी फुप्फुसासाठी, विहिरीसाठी, पायासाठी घातलेली असते. घरातला कोणी अशा ठिकाणी कामाला असेल तर त्याला एवढेच सांगा: हात साबणाने धू, हेक्झेनने नको. आणि पायाला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना आपले काम काय ते आधी सांग.