फुलांच्या दरीचे पाहुणे

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' राष्ट्रीय उद्यान जुलै-ऑगस्टमध्ये रानफुलांनी बहरते. २००५ साली त्यास जागतिक वारशाचा दर्जा लाभला. घांघरियाहून सकाळी दरीत शिरावे व सायंकाळपूर्वी परतावे, असा नियम आहे; आत मुक्कामास परवानगी नाही. हा नियम अनाठायी नव्हे. शेजारच्या नंदादेवी परिसरात मोहिमांच्या वर्दळीमुळे सरपणासाठी झाडे तुटली, कचरा साचला आणि १९८३ मध्ये तो गिर्यारोहणास बंद करावा लागला. हिमालयाच्या उंचीवर वनस्पतींना वाढीसाठी मोजकेच महिने मिळतात. तुडवलेले रोप सहसा त्या हंगामात पुन्हा फुलत नाही. म्हणून पर्यटकांनी पायवाट सोडू नये, फूल तोडू नये, प्लॅस्टिक सोबत परत आणावे. दरीचे दार उघडे राहणे पाहुण्यांच्याच हाती आहे.